अणुबाईचे विरोधक

माझी नणंद अणुऊर्जेचा अभ्यास करते असं मी कोणाला सांगितलं की समोरचं माणूस आधी माझ्या हातांकडे बघतं. जसं काही आमच्या मोरीत बादलीभर युरेनियम भिजत घातलंय! अहो, तिच्याकडे असतात ते फक्त कागद. आणि ते सगळे मीच छापून देते, कारण खाली माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे आणि वर तिची खोली. त्या कागदांतून काही बाधायचंच असतं तर मला पहिल्यांदा बाधलं असतं. मी ठणठणीत आहे.

गल्लीत तिला सगळे अणुबाई म्हणतात. हे नाव मीच पाडलं, आणि तेही रागाच्या भरात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जेवायचं टेबल असं काही दिसतच नसे, नुसते गठ्ठे. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी हातात ताटं घेऊन ओरडले, "अणुबाई, जरा गरिबांना जेवायला जागा द्याल का?" ती हसली, गठ्ठे उचलून वर गेली, आणि तेव्हापासून वरची खोली तिची झाली. नाव मात्र खालीच राहिलं आणि गल्लीभर पसरलं. आता टपालवालासुद्धा तेच म्हणतो.

तिचं काम मला समजलं ते असं. वीज अणुभट्टीतून घ्यायची की नाही, घ्यायची तर कुठे, जुनी भट्टी किती वर्षं चालू द्यायची, वापरून झालेलं इंधन नंतर कुठे ठेवायचं, हे सगळं सरकार ठरवतं. ठरवताना भट्टी चालवणारी कंपनी एक सांगते, मोर्चेवाले दुसरंच सांगतात. दोघांकडे आकडे असतात, आणि दोघंही ते छाती ठोकून सांगतात. माझी नणंद दोघांचे आकडे घेऊन वर जाते आणि एकेक सोलून बघते. कंपनीनं तिला एकदा मोठी नोकरी देऊ केली होती, काचेच्या इमारतीतली. ती नको म्हणाली. मोर्चेवाल्यांनी तिला भाषणाला बोलावलं. तिथे तिनं व्यासपीठावरच विचारलं, "तुमच्या पत्रकातला तिसरा आकडा आणला कुठून?" परत काही त्यांनी बोलावलं नाही.

लोक मला विचारतात, मग ती नक्की कोणाची? कंपनीची नाही, सरकारची नाही, मोर्चेवाल्यांची नाही, तर कोणाची? मी सांगते, आमची. संध्याकाळच्या कॉलेजात गणित शिकवते, घरखर्चाला हातभार लावते आणि भांडी घासायची पाळी कधी चुकवत नाही.

पण तिची एक सवय होती जिच्यापायी मी अक्षरशः हात टेकले होते. आपण काही लिहिलं की कोणाला दाखवतो? मैत्रिणीला, भावाला, निदान चार गोड शब्द बोलेल अशा माणसाला. ही बाई प्रत्येक अहवाल आधी पाठवायची तिच्या सगळ्यात मोठ्या विरोधकाला. नदीकाठच्या एका जुन्या अणुवीज प्रकल्पाचे हे निवृत्त प्रमुख अभियंते. हयात त्यांनी त्या भट्टीपाशी घालवलेली. भट्टीबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर अंगावर धावून जातील असे. खूप वर्षांपूर्वी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून हिच्या एका लेखाच्या चिंध्या केल्या होत्या. दुसरी कोणी असती तर रडली असती. हिनं त्यांचा पत्ता शोधून काढला आणि कळवलं, "यापुढे छापायच्या आधीच फाडाल का?" त्यांचं एका ओळीत उत्तर आलं. फाडीन, पण माझं नाव कुठे येता कामा नये, माझा मुलगा त्याच प्रकल्पात नोकरीला आहे.

तेव्हापासून तेच. अहवालाचा कच्चा मसुदा जायचा आणि परत यायचा तो लाल होऊन. त्याची प्रत मीच काढत असल्यामुळे मला त्यांचा स्वभाव तोंडपाठ झाला होता. "पान सहा: साफ चूक." "पान अकरा: हे तुम्हाला कोणी सांगितलं, शेजारणीनं?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचे, "अगं, हा माणूस तुला काय समजतो?" ती म्हणायची, "वहिनी, पान अकरावर त्यांचं बरोबर आहे गं." आणि बसायची दुरुस्त करत. घरात आम्ही त्यांना विरोधक म्हणायचो, आदरार्थी. "आज विरोधकांचं पाकीट आलंय." एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग ती सुनावणी जाहीर झाली. प्रकल्पाची ठरलेली मुदत संपत आली होती आणि कंपनीनं आणखी वीस वर्षं चालवायची परवानगी मागितली होती. सरकारनं समिती नेमली. समितीनं म्हटलं, कोणीही अभ्यासू माणूस आपला अहवाल आणू शकतो, तो नोंदीवर घेतला गेला तर निर्णयात धरला जाईल. अणुबाई आनंदानं जिन्यावरून जवळजवळ घसरत खाली आली. आजवर तिचं लिखाण लोक वाचायचे, वाद घालायचे, विसरायचे. पहिल्यांदाच ते निर्णयाच्या टेबलावर जाणार होतं.

तिनं जीव ओतून लिहिलं. मुद्दा साधा होता. भट्टी थंड ठेवायला नदीचं पाणी लागतं. उन्हाळ्यात नदीच तापली की भट्टी मंद करावी लागते, म्हणजे ज्या दिवसांत लोकांना वीज सगळ्यात जास्त हवी, त्याच दिवसांत ती कमी मिळते. कंपनी म्हणत होती वीस वर्षं भरवशाची वीज देऊ. हिचं म्हणणं होतं, हिवाळ्यात हा प्रकल्प उत्तम चालतो, कौतुक करावं तेवढं थोडं, पण उन्हाळ्यातली घट वाढत चाललीय. तेव्हा दहा वर्षं द्या, थंड करायची व्यवस्था सुधारून घ्या, मग पुढचं बघा. मसुदा विरोधकांना गेला.

उत्तर आलं नाही. एक आठवडा, दुसरा आठवडा. तिनं परत पाठवला, फोन लावला, कोणी उचलला नाही. सुनावणी जवळ आली आणि बाईंनी जाहीर केलं, "त्यांनी बघितल्याशिवाय मी देणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? आयुष्यभर वाट बघितलीस या दिवसाची!"

"वहिनी, यात चूक असणार. मला ती दिसत नाहीये, म्हणजे नक्की असणार."

"आणि नसली तर?"

"त्यांनी सांगितलं की नाही, तर नाही."

आता अशा माणसापुढे डोकं आपटून काय होणार? मी नवऱ्याला म्हटलं, आज दुकान तुम्ही बघा, टोनर बदलायला जमलं नाही तर कुलूप लावा, मी तुमच्या बहिणीला घेऊन जाते. दुकानाच्या गाडीत मागे कागदांची खोकी, पुढे आम्ही दोघी. निघालो.

प्रकल्पाची वसाहत नदीच्या वळणावर आहे. सगळी घरं एकाच साच्यातली, दारांचे रंग तेवढे वेगळे, आणि कुठल्याही खिडकीतून बघा, भट्टीचे ते दोन मोठे मनोरे समोर. दार उघडलं ते विरोधकांच्या सुनेनं. अणुबाईनं नाव सांगताच तिचा चेहरा बदलला.

"बाबांना आता वाचता येत नाही," ती म्हणाली. "डोळे गेलेत त्यांचे. तुमची पाकिटं आली की नुसती हातात धरून बसतात. आणि खरं सांगू? माझा नवरा इथे नोकरीला आहे. तुम्ही इथे दिसणं आम्हाला परवडणारं नाही."

अणुबाई मागे वळलीसुद्धा. तिला दुसऱ्याच्या घरात भांडण लावायचं नव्हतं. मी बरी वळेन! मी म्हटलं, "हे बघ, तू या घरची सून, मी त्या घरची. माझी नणंद विक्षिप्त, तुझे सासरे विक्षिप्त. आपण दोघी शहाण्या आहोत म्हणून ही दोन घरं चालतात. ते पाकीट हातात धरून बसतात ते तुला बघवतं का?"

 तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "चहा टाकते."

विरोधक खिडकीशी बसले होते. माझ्या मनात दांडगा, मिशांचा माणूस होता. हे तर अगदी लहानखुरे, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेले. अणुबाईनं नाव सांगितलं. ते आवाजाच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "तुमच्या संस्थेत माणसं किती?"

"मी आणि वहिनी."

"मी फक्त बाइंडिंग करते," मी घाईनं सांगून टाकलं. नसतं खापर आपल्या डोक्यावर नको.

"मला वाटलं निदान दहा-बारा असतील," ते म्हणाले. "आता मी काय उपयोगाचा? मला दिसत नाही."

"ऐकू येतं ना?" अणुबाई म्हणाली आणि समोर खुर्ची ओढून सरळ वाचायला लागली.

वाचणं सोपं होतं. घोडं अडलं ते आलेखापाशी, कधी किती वीज झाली त्याच्या. आकडे वाचून दाखवता येतात, पण वर-खाली जाणारी रेघ आंधळ्या माणसाला दाखवायची कशी? तिचा घसा बसला होता, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी चष्मा लावला आणि सुरू केलं. "ही रेघ वर चाललीय. अजून वर. आता सपाट. आता आला उन्हाळा, जराशी घसरली. परत वर. पुढचा उन्हाळा, जरा जास्त घसरली." मला वाटलं हसतील. ते हात हवेत धरून माझ्या बोलण्याबरोबर वर-खाली करत होते, डोळे मिटून. सून दारात ट्रे घेऊन उभीच राहिली.

"आता इथे ही रेघ एकदम कोसळली," मी म्हटलं. "जवळजवळ अर्ध्यावर. हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे."

त्यांचा हात थांबला. "कुठलं वर्ष?"

मी वर्ष सांगितलं.

"मूर्खपणा!" ते इतक्या जोरात ओरडले की ट्रेमधल्या कपबशा वाजल्या. "त्या वर्षी नदी बर्फासारखी थंड होती! डोंगरात पाऊस आधीच झाला होता, आम्ही पुराला वैतागलो होतो. भट्टीला काही झालं नव्हतं. बाहेर वीज नेणाऱ्या तारा बदलत होते, वीज न्यायला वाटच नव्हती, म्हणून मंद केली. नदीचं तापमान कुठून आणलं तुम्ही?"

अणुबाईचा चेहरा पांढरा पडला. "त्या वर्षीची नोंद मिळाली नाही. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांवरून धरलं होतं."

"धरलं होतं! धरलं होतं म्हणे!"

आणि ही बाई हसायला लागली. मी आयुष्यात तिला इतकी खूश बघितली नव्हती. सगळ्या अहवालातला सगळ्यात मोठा खड्डा खोटा निघाला होता, अख्खा आलेख त्याच्यावर टेकून उभा होता, आणि ही हसतेय! "सापडली," ती म्हणाली. "वहिनी, सापडली बघ." म्हातारेही हसायला लागले. मग दोघं जे भिडले ते ऊन उतरेपर्यंत. चहा गार झाला, सुनेनं परत केला, तोही गार झाला.

त्यानंतर तिनं तारा बदलल्याची जुनी सरकारी सूचना शोधून काढली, तो उन्हाळा आलेखातून वगळला, वगळला का ते लिहिलं आणि सगळं नव्यानं मांडलं. घट आधीपेक्षा लहान झाली. पण होती, आणि वाढतही होती. दहा वर्षांचा सल्ला तसाच राहिला. नवा अहवाल तिनं विरोधकांना फोनवर पहिल्यापासून वाचून दाखवला, सुनेनं फोन त्यांच्या कानाशी धरला होता. मी छापलं, बांधलं, आणि खरं सांगते, त्या प्रतींची बाइंडिंग मी जितकी मन लावून केली तितकी स्वतःच्या मुलांच्या प्रकल्पवह्यांचीही केली नव्हती.

सुनावणीचं सभागृह भरलेलं. एका बाजूला कंपनीची माणसं, एकसारख्या कोटांत. त्यांच्यात विरोधकांचा मुलगाही होता, नाक-डोळे तेच, म्हणून ओळखला. दुसऱ्या बाजूला मोर्चेवाले. अणुबाई मधल्या टेबलाशी एकटी.  तासभर तिनं मांडलं, एकदाही अडखळली नाही. तारांचा उन्हाळा तिनं स्वतःच आधी सांगून टाकला. कंपनीच्या वकिलानं पुढ्यातले दोन कागद मुकाट्यानं बाजूला ठेवले. त्याचा तो प्रश्न गेला होता.

पण वकील तो वकील. तो उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "अध्यक्ष महोदया, कंपनीच्या अहवालावर संस्थेचा शिक्का आहे. नियम असा आहे की ज्याच्यामागे संस्था नाही तो अहवाल जाणकारानं तपासलेला हवा. बाईंचा अहवाल घरच्या खोलीत झालेला आहे. शेवटच्या पानावर तपासणाऱ्याचे आभार आहेत, नाव नाही. कोणी तपासला?"

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नियम आहे खरा. नाव सांगा, म्हणजे झालं."

अणुबाई म्हणाली, "नाव देणार नाही. शब्द दिलाय."

"मग मला हा नोंदीवर घेता येणार नाही. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

"विचार करा. एका नावाचा प्रश्न आहे."

मला वाटलं उठून ओरडावं. तोंडातून नाव निसटेल म्हणून मी ओठ दाताखाली धरले. आणि माझी नणंद, जिनं या एका दिवसासाठी जन्म घालवला, तिनं अहवाल मिटला, नीट सरळ केला आणि म्हणाली, "मग नका घेऊ." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या क्षणी मला तिचा जितका अभिमान वाटला तितका कशाचाच कधी वाटला नव्हता, आणि रागही तेवढाच आला होता. दोन्ही खरंच सांगते.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळ्यात शेवटच्या रांगेत ती सून उभी होती, आणि तिच्या दंडाला धरून, बटणं वरपर्यंत लावलेले, विरोधक.

"मी तपासलाय," ते म्हणाले. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, मग हुद्दा. कंपनीच्या बाजूला कुजबुज झाली. तिथे त्यांना कोण ओळखत नव्हतं? निम्म्या लोकांना त्यांनीच काम शिकवलेलं. "लिहून घ्या. या बाईंचं आणि माझं कधीही पटलेलं नाही. भट्टी वीस वर्षं चालावी असं माझं आजही मत आहे, आणि बाईंचा सल्ला मला मान्य नाही. पण अहवालातला प्रत्येक आकडा मी ऐकलाय. तो खरा आहे. माझ्या भट्टीबद्दल इतकं खरं आमच्या कंपनीनंही लिहिलेलं नाही."

 मी बघत होते फक्त मुलाकडे. त्याचा साहेब त्याच्या शेजारीच बसलेला, मान वळवून त्याच्याकडेच बघत होता. मुलाचा चेहरा लालबुंद झाला होता. तो उठला. माझ्या मनात आलं, संपलं, हा आता निघून जाणार आणि त्या घरात उद्यापासून कोणी कोणाशी बोलणार नाही.

त्यानं आपली खुर्ची उचलली. कंपनीच्या रांगेतून, साहेबाच्या गुडघ्यांवरून ती उंच धरून बाहेर काढली, भर सभागृहातून चालत पुढे आणली आणि अणुबाईच्या टेबलाशी ठेवली. मग मागे जाऊन वडिलांचा हात धरला आणि त्यांना सावकाश तिथे आणून बसवलं. स्वतः खुर्चीमागे उभा राहिला, दोन्ही हात वडिलांच्या खांद्यांवर.

अध्यक्षबाईंनी घसा खाकरला आणि लेखनिकाला म्हणाल्या, "अहवाल नोंदीवर घ्या."

माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती. अणुबाईनं अहवाल परत उघडला, थोडा विरोधकांच्या बाजूला सरकवला, त्यांना वाचता येत नाही हे माहीत असूनही, आणि वकिलाला म्हणाली, "हं, विचारा आता. आम्ही दोघं आहोत."